बंगळूर ते बालाघाट, सरळ रेघेत

बंगळूरहून मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला विमानानं किती वेळ लागतो, असं मी मोबाईलला विचारलं. इथेच माझी अक्कल कळावी. आमच्याकडे जंगलाच्या बाजूला एक हवाई पट्टी आहे, पण तिकिटाचं विमान तिथे उतरलेलं कोणी पाहिलं नाही. हे मला माहीत होतं, मोबाईलला नव्हतं. त्यानं नकाशावर सरळ रेघ ओढली आणि सांगितलं, सुमारे दोन तास.

आणि मी ते मायला मोठ्यानं वाचून दाखवलं.

माय खाटेला लागली होती. डॉक्टर "घरी न्या" म्हणाले होते, त्यात सगळं आलं. तिला फक्त नात हवी होती, म्हणजे आमची बंगळूरला नोकरी करणारी लेक. शेवटचं पाणी तिच्याच हातून घ्यायचं, असा मायचा हट्ट.

"दोन घंट्यात येते?"

"हौ," मी म्हणालो, जणू विमान मीच चालवत होतो.

"मंग खाट दाराकडे कर. अन् तवरोक मले कोनी पानी देऊ नका."

बायको चमचा घेऊन गेली, तर मायनं ओठ मिटून घेतले.

लेक तेव्हा बंगळूरच्या गर्दीत, विमानतळाच्या वाटेवर अडकली होती. विमान नागपूरचं, तेही दुपारनंतर पोचणारं. पुढे टॅक्सी, आणि चार-पाच तासांचा रस्ता. त्या सरळ रेघेत हा रस्ता कुठे नव्हताच.

"काहून नाही आली?" माय विचारायची.

"विमान उशिरा चालून राह्यलं, माय."

"तुले कोनं सांगतलं?"

"मोबाईलनं."

"त्याले पुन्हा विच्यार."

मी पुन्हा विचारलं. दोनच तास.

लेक अर्ध्या वाटेवर, तुमसरला पोचली होती तेव्हा मायचा श्वास थांबला. तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, दादी को फोन दो ना, बस पहुँच ही रही हूँ." आमची लेक घाईत हिंदीच बोलते. मी "हौ" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

दिवेलागणीला ती आली. पाठीवरची बॅगही न काढता खाटेशी बसली आणि चमचा उचलला. पाणी मिटल्या ओठांवरून हनुवटीवर आलं, तिथून उशीवर. तिनं दुसरा चमचा भरला. मग आणखी एक. तिला कोणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं ते मला, सकाळी.

तेरवीनंतर लेकीला नागपूरला विमानात बसवून आम्ही दोघं परत निघालो. तुमसर मागे पडलं. मग बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुमच्या येळेले मी पोरीले आठ दिस आंधीच बोलावून घेईन. तुम्ही फक्त आंधी सांगजा."