पुट्टीच्या चित्राखालचं नाव

रस्त्यात गाय दिसली की अण्णा थांबायचेच. मागून रिक्षावाले हॉर्न बडवोत, नाहीतर पुढून कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेतलेला हमाल ओरडत येवो. छत्री काखेत मारायची, एक डोळा मिटायचा, अंगठा पुढे धरून शिंगांचं माप घ्यायचं आणि विचारायचं, "काय गं, गाव कुठलं तुझं?"

गाय आपली पुठ्ठा चघळत असायची. उत्तर अण्णाच द्यायचे. "काळीपांढरी, होल्स्टीन. माहेर हॉलंड. दुधाला गंगा, पण ऊन सोसत नाही. कुठून कुठं आलीस माये, चिकपेटेत पुठ्ठा खायला!"

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. बरोबर चालायची लाज वाटते आणि तो नसला की रस्ता ओळखीचा वाटत नाही.

चिकपेटेतल्या, म्हणजे शहरातल्या जुन्या कापडपेठेतल्या, एका बोळात आमचं शाळेचे तक्ते छापायचं दुकान आहे. फळं, पक्षी, वाहनं, आणि सगळ्यांत जास्त खपतो तो 'आपली पाळीव जनावरं'. चित्रं अण्णांची. चित्रांखालचा कन्नड आणि मराठी मजकूर मी लावते. मी मूळची निपाणीची, लग्न होऊन मारतहळ्ळीत आलेली. अण्णांचं घराणं मात्र कैक पिढ्या इथलंच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"निपाणीकडची ना? खिल्लार. चाल झपाट्याची, शिंगं उगारलेली, दूध बेताचं."

"आणि तुम्ही हो?" मी फणकारले.

"मी गावठी. कुठल्याच तक्त्यात न बसणारा."

वयानं मी त्यांच्या लेकीसारखी, तरी मला 'अक्का' म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, माझी खात्री आहे.

फोटोवरून चित्र काढणार नाही, हा त्यांचा हट्ट. जनावर समोर उभं पाहिजे. देवणी गाईसाठी ते बिदरपलीकडे गेले, बन्नूरच्या बुटक्या मेंढीसाठी मंड्याकडे. दुकानाचे मालक वैतागायचे, "अण्णा, नेटवर ढिगानं फोटो आहेत!"

"फोटोवरून तुम्ही जावई पसंत केलात. पुढं काय झालं, आठवा स्वल्प."

मालक पावतीपुस्तकात डोकं घालायचे.

नव्या आवृत्तीचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवत होते. "हळ्ळीकार: राखी अंग, मागे गेलेली लांब शिंगं, ओढकामाला उत्तम." अण्णा मान डोलवत होते. "कृष्णा खोरे: थोराड बांधा, फुगीर कपाळ. हिचे बैल चिकट काळ्या रानात नांगर ओढतात." मान थांबली.

"चित्रातली ती कृष्णा खोऱ्याची नाही, अक्का. ती पुट्टी आहे."

पुट्टी त्यांच्या बायकोची गाय. तेव्हा पेटेतल्या बोळांत घराला लागून गोठे असायचे. कपाळ गीरसारखं, शिंगं हळ्ळीकारची, रंग धुतलेल्या धोतराचा. जात म्हणाल तर कुठलीच नाही. बायको गेली आणि पुट्टीनं कासेला कुणाचा हात लागू दिला नाही. अण्णांनी तिला दलालाच्या हाती दिलं. प्रत्येक जनावराला गाव विचारणारा हा माणूस, पण तिला कुठल्या गावाला नेतोस, हे त्यानं दलालाला विचारलं नाही.

पाठोपाठ तक्त्याचं काम आलं. अथणी, जमखंडी पालथी घालूनही कृष्णा खोऱ्याची अस्सल गाय मिळेना, आणि छपाई तोंडावर आली. अण्णा कागदापुढे बसले आणि हातून पुट्टी उतरली. खाली नाव छापलं गेलं दुसरीचं. गावोगावची पोरं तिच्याकडे बोट दाखवून ते नाव घोकत राहिली.

"तेव्हापासून येते," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? पुट्टी. दुपारी, जेवण झालं की. जिन्यात खूर वाजतात. दारात येते, रवंथ थांबवते आणि नुसती उभी राहते."

त्यांची खोली दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिना असा की समोरून माणूस आला तर आपण भिंतीला चिकटायचं.

"अहो, त्या जिन्यानं गाय चढेल का?"

"चढते, स्वल्प सावकाश."

मला हसू फुटलं. त्यांना नाही. "तिला वाटत असेल, विकलं ते विकलं, वर नावही काढून घेतलं."

त्यानंतर एका दुपारी मी त्यांची कॉफी घेऊन वर गेले. दार उघडं. अण्णा खुर्चीत, हनुवटी छातीला टेकलेली, नजर फरशीवर. मी उंबऱ्यातच थबकले. शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास येत होता. आमच्या इमारतीत शाई आणि डिंक सोडून कसला वास नसतो.

"बाजूला हो," अण्णा मान वर न करता म्हणाले. "वाटेत उभी आहेस तू."

कॉफी तिथंच ठेवून मी जी पळाले ती थेट दुकानात. खिल्लारच ना शेवटी!

त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांनी एकच ध्यास घेतला: दिसतंय तोवर कृष्णा खोऱ्याची खरी गाय गाठायची आणि पुट्टीच्या अंगावरचं ते नाव उतरवायचं.

ती भेटली शहराबाहेरच्या एका जनावरांच्या प्रदर्शनात. अथणीकडच्या शेतकऱ्यानं आणली होती. मी अण्णांना हाताला धरून नेलं. त्यांनी गाईच्या कपाळावरून तळवा फिरवला, आखूड वळलेली शिंगं चाचपली, लोंबते कान बोटांत धरून पाहिले.

"हीच," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघून घ्या अण्णा," शेतकरी म्हणाला. "ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडं पण लई राहिली नाहीत."

दिवसभर कागदाला नाक लावून त्यांनी ती रंगवली. चित्र असं उतरलं की मालकांनीसुद्धा हात जोडले.

नवा तक्ता आला. पुट्टीची चौकट गेली. दुपारी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठवडा गेला आणि ते भिंतीला धरत धरत माझ्या टेबलाशी आले.

"येत नाही गं आता."

"सुटलात की मग, अण्णा!"

"सुटलो?" ते स्टुलावर बसले. "पुट्टी एकटी नाही यायची. दोरी धरून ही असायची मागं. बांगड्या ऐकू यायच्या. मी एकदाही मान वर केली नाही. तिची गाय विकून कुठल्या तोंडानं करणार? म्हटलं, नाव नीट करतो आणि मग बघतो हिच्याकडं."

मला रडू कोसळलं. खोटं कशाला सांगू?

"तू आपलं पुट्टीला जुनंच नाव लाव परत," अण्णा माझा हात धरून म्हणाले. "चूक तर चूक. सरी? चालेल ना?" शिंगाचा बाक जरा बिघडला तर छपाई थांबवणारा हा माणूस!

जुना तक्ता संगणकात होता. मालकांना न विचारता मी एक प्रत काढली, पुट्टीखाली कृष्णा खोऱ्याचं नाव होतं तसं ठेवून. अण्णांनी ती जिन्यातल्या भिंतीवर चिकटवली. चढणाऱ्याला दिसेल अशी, चांगली खाली.

पुढं थोड्याच दिवसांत, दुपारची कॉफी घेऊन मी वर गेले. वासबीस काही नव्हता. अण्णा खुर्चीत होते, दाराकडे तोंड करून. दोनदा हाक मारली. मग हात लावला, तर अंग गार पडलेलं.

मान मात्र वर होती. दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं, तशी.