आर्याचं शहर सांभाळताना

विरारच्या चंदनसार भागातल्या बिल्डिंगमध्ये जयवंती तांबे राहायला आली तेव्हा भिंतींना रंग लागला होता, जिन्यात दिवे होते, गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. फक्त पाणी नव्हतं. "नळाचं कनेक्शन आज-उद्या येतंय," बिल्डर म्हणाला होता. ते शहाण्णव साल. दोन हजार एक उजाडलं तरी ते कनेक्शन अजून वाटेतच कुठेतरी होतं. दिवसाआड टँकर यायचा. टँकरवाल्याला फोन करायचा, ड्रायव्हरला चहा पाजून खूश ठेवायचं, कोणत्या मजल्याचा वॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवायचं, ही सगळी कामं कोणी न नेमताच जयवंतीकडे आली होती. माहेर देवरुखकडचं. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरलेली ती मुलगी. शेजारणी तिच्या माघारी तिला "कमिशनर" म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

घरात तीन माणसं. नवरा जितेंद्र फोर्टातल्या ऑफिसात कामाला, मुलगी आर्या शिकत होती. चौथा म्हणावा तर हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर. तो आर्या अकरावीत गेली तेव्हा माणिकपूरच्या कॉन्रॅडनं सुटे भाग जोडून दिला होता, आणि वर "पोरीला बक्षीस" म्हणून एका खेळाची सीडीही दिली होती. शहर वसवायचा खेळ. पडद्यावर मोकळी जमीन, एक नदी. रस्ते तुम्ही आखायचे, घरांना, दुकानांना, कारखान्यांना जागा तुम्ही सोडायच्या. वीज, पाणी, शाळा, बस, कचरा सगळं तुमच्या डोक्याला. नीट जमलं तर माणसं आपोआप राहायला येतात, नाही जमलं तर कुरकुरत निघून जातात.

आर्या त्यात बुडून गेली. बारावीचा अभ्यास झाला की तास-अर्धा तास तिचं शहर.

"अगं, जेवायला चल."

"आई, थांब ना, लाइट गेली."

"गेली? हा काय पंखा फिरतोय."

"आपली नाही गं. माझ्या शहरातली."

"मग त्यांना सांग मेणबत्त्या लावा नि जेवायला बसा," जितेंद्र ताटावरून म्हणायचा.

दोन वर्षांत त्या शहरात पूल झाले, बंदर झालं, नदीकाठी लांबलचक बाग झाली. जयवंतीला त्यातलं फारसं कळत नसे. पण मागून जाताना ती क्षणभर थांबायची. इतक्या लहान लहान गाड्या इतक्या शिस्तीत जाताना तिनं विरारमध्ये कधी पाहिल्या नव्हत्या.

जुलैत आर्या इंजिनिअरिंगला कराडला गेली. निघताना तिनं दोन गोष्टी बजावल्या. "आई, कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा तरी चालू करून ठेव. कॉन्रॅड अंकल म्हणतात, इथली हवा खारट आहे, बंद राहिला की आतून गंजतो. आणि माझं शहर बघायचं तर बघ, पण हात लावू नकोस हं. दिवाळीत आले की मला तिथूनच पुढे खेळायचंय."

"मी कशाला हात लावू तुझ्या शहराला?" जयवंती म्हणाली, आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणाली.

पहिले काही आठवडे तिनं खरंच नुसतं पाहिलं. कॉम्प्युटर चालू करायचा, शहर उघडायचं, समोर बसून शेंगा सोलायच्या किंवा तांदूळ निवडायचे. घरात आर्याचा आवाज नव्हता. तिचं शहर तेवढं हलत होतं. गाड्या जात-येत होत्या, संध्याकाळ झाल्यासारखे खिडक्यांत दिवे लागत होते. पोर नाही, पण पोरीनं मांडलेला संसार तरी समोर आहे, असं तिला वाटायचं.

खुपत होती ती एकच गोष्ट. बागेच्या पलीकडे, नदीच्या वळणावर, मोठी हिरवी जागा नुसती पडून होती. चंदनसारमध्ये एवढी जमीन पावसाळाभरसुद्धा मोकळी राहिली नसती. इकडे माणसं भाड्याच्या खोल्या शोधत उन्हातान्हात वणवण करतात, आणि तिथे पडद्यावर कोणाच्या डोक्यावर छप्पर येईल तर पोरीनं जागा गवताला दिलेली! दोन-चार घरांनी काय बिघडतंय, असं म्हणून एका दुपारी जयवंतीनं आर्याची बोटं आठवून आठवून माऊस फिरवला आणि तिथे घरांची जागा आखली.

घरं उगवली. पाहता पाहता छपरं, खिडक्या, दारात गाड्या. जयवंती टाळी वाजवायचीच राहिली होती. मग तिनं आणखी एक रांग आखली, तिच्यामागे आणखी एक. पाण्याचे पाइप टाकायचे असतात, हे तिला अजिबात माहीत नव्हतं असं नाही. आर्याच्या तोंडून ते ऐकलेलं होतं. पण घरं झाली की पाणी मागाहून येतं. तिच्या अनुभवात जगाची रीत तीच होती.

पाणी आलं नाही. पडद्याच्या कडेला माणसांच्या तक्रारी येऊ लागल्या. इंग्रजी वाक्यं ती जोडून जोडून वाचायची. पाणी नाही. रस्त्यावर गर्दी. आम्ही जातो. तिला वाटलं, शहरात माणसं कमी पडतायत म्हणून हे होतंय, तर आणखी घरं द्यावीत. तिनं दिली. तिजोरी रिकामी झाली, वीजकेंद्र बंद पडलं आणि नदीकाठापासून बंदरापर्यंतच्या बिल्डिंगा एकामागून एक काळ्या पडत गेल्या. बागेत कोणी फिरेना.

घाबरून तिनं खेळ बंद करायला घेतला. मशीननं विचारलं, सेव्ह करू का? जयवंतीनं आयुष्यात कुठलीही वस्तू टाकून दिलेली नव्हती. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवणारी बाई ती. जे उरलंय ते तरी जपून ठेवावं, म्हणून तिनं "हो"वर बोट दाबलं.

संध्याकाळी जितेंद्रनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, नाही म्हणायचं होतं! नाही म्हटलं असतंस तर जुनं होतं तसंच राहिलं असतं."

"मला काय माहीत? विचारलं तर नाही कसं म्हणायचं?"

"कमिशनरबाई, एवढ्या माणसांचं पुनर्वसन आता कुठे करणार?"

ती हसली नाही, तसा तो चपापला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

दुसऱ्या दिवशी ती वसईला उतरून माणिकपूरला गेली. चर्चच्या मागच्या गल्लीत कॉन्रॅडचं दुकान, दोन्ही बाजूंना पाठी उघडलेले कॉम्प्युटर. तिचं सगळं ऐकून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"गेलं ते गेलं, वहिनी. जुन्याच्या वरच नवीन बसलं ना. आता काय करणार?"

"काहीच करता येत नाही?"

"येतं की. परत बांधायचं. पोरीनं बांधलं, तुम्ही बांधा. माझं स्वतःचं किती वेळा बुडालंय! आमची मिसेस रिटा मला म्हणते, तुझ्या गावात मला मेलं तरी राहायचं नाही." मग त्यानं जवळ येऊन, जणू गुपित सांगावं तसं सांगितलं, "एक करा. पाणी आधी, वीज आधी, रस्ता आधी. घरं सगळ्यात शेवटी."

जयवंतीला हसू आलं. "असं कुठे असतं, भाऊ?"

"गेममध्ये असतं," कॉन्रॅड म्हणाला, आणि दोघंही हसले.

रविवारी आर्याचा फोन आला. मेसचं जेवण, वर्कशॉप, रूममेटचं घोरणं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि माझं शहर?"

जयवंतीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बरं आहे. सगळे ठीक आहेत."

खोटं बोलून झालं. आता ते खरं करून दाखवायला दिवाळीपर्यंतचा वेळ होता. मुलीनं विश्वासानं शहर सोपवलं होतं आणि ते आपल्या हातून मोडलं, हे तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या कोणाला हे हास्यास्पद वाटलं असतं. तिला वाटलं नाही.

दुपारची झोप तिनं सोडली. काळ्या पडलेल्या बिल्डिंगा तशाच ठेवून तिनं बंदराजवळच्या छोट्या वस्तीपासून सुरुवात केली. वीजकेंद्र परत चालू करण्यापुरती ऐपत येईपर्यंत वाट पाहिली. आणि मग एक दिवस तिला ती कळ सापडली जी दाबली की जमीन पारदर्शक व्हायची आणि खालचे पाइप दिसायचे. नदीजवळ पंप बसवून तिनं पाइप ओढत नेला, एका रस्त्याखालून दुसऱ्या रस्त्याखाली. राखाडी रेघेत निळं पाणी सरकू लागलं. कोणाला फोन नाही, ड्रायव्हरला चहा नाही, खालून हाका नाहीत. ते निळं पहिल्या घरापाशी पोचलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

त्यानंतर मात्र ती पेटून उठली. रिक्षातून जातानाही तिच्या डोक्यात वळणं असायची. स्टेशनबाहेर कोंडी झाली की शेजारच्या बाईला म्हणायची, "इथे एक रस्ता मागून काढायला हवा होता." जितेंद्र टोमणे मारत मारत तिच्या मागे उभा राहू लागला, आणि हळूहळू स्टूल घेऊन बसू लागला.

एका जागी मात्र तिचं अडलं. बंदरातून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर घरांची एक रांग आडवी येत होती. रस्ता सरळ करायचा तर ती पाडायला हवी होती. जयवंतीनं रस्ता घरांना वळसा घालून नेला. वळसा अरुंद, त्यामुळे सगळे ट्रक तिथे तुंबून उभे.

"पाड की ती घरं. एक टिचकी मारायची," जितेंद्र म्हणाला.

"आणि त्यातल्यांनी जायचं कुठे?"

"त्यात कोणी नाहीये, जया."

"माहीत आहे हो मला." तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "पण आपण कसे आलो इथे, ते विसरलात का? तुमचा पीएफ, माझ्या बांगड्या. आणि उद्या कोणी टिचकी मारली तर?"

रस्ता वाकडाच राहिला, ट्रक तुंबतच राहिले, आणि त्यामुळे शहर एका मापापलीकडे काही वाढेना. दिवाळी आली तेव्हा ते आर्याच्या शहराच्या निम्मंही नव्हतं.

आर्या वसुबारसेला आली. बॅग टाकली, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि थेट कोपऱ्याकडे वळली. जयवंती तिच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आर्या, उघडायच्या आधी ऐक. तुझं शहर माझ्या हातून बुडालं. मी तुला फोनवर खोटं सांगितलं."

"म्हणजे?"

"मी मोकळ्या जागेत घरं घातली. मग सगळंच गेलं. आणि मी ते सेव्ह केलं."

आर्यानं खुर्ची ओढली आणि शहर उघडलं. बंदर पाहिलं, बाजार पाहिला, उरलेल्या काळ्या बिल्डिंगा पाहिल्या. "माझी बाग?"

"वाळली."

"आई, दोन वर्षं!" तिचा आवाज फुटला. "हात लावू नकोस, एवढंच सांगितलं होतं मी." आणि ती उठून आतल्या खोलीत गेली. जेवताना ती बाबांशी बोलली, आईशी नाही. जयवंतीनं तिला समजावलं नाही. चूक होती ती चूक होती.

सकाळी जयवंती टँकरचा पाइप टाकीला जोडून वर आली तेव्हा केस विस्कटलेले तसेच ठेवून आर्या कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. जयवंती पाय न वाजवता स्वयंपाकघराकडे निघाली.

"आई, हे पाइप कोणी टाकले? बाबांनी?"

"मी."

"हे पंप इथे बसवायचं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वर कारखाने आहेत ना, त्यांची घाण येत होती. म्हणून मग पंप कारखान्यांच्याही वरच्या अंगाला नेले."

आर्यानं मान वळवून आईकडे पाहिलं. रात्रीचा राग अजून पुरता गेलेला नव्हता, पण त्यात आता दुसरंही काहीतरी होतं. "मी पलीकडच्या काठावर नवीन वस्ती काढतेय," ती म्हणाली. "तुझं तुझ्याकडे राहू दे. मी हात नाही लावणार. पण मला वीज लागेल. तुझ्याकडून ओढू?"

जयवंती पदराला हात पुसत पुढे आली. वाकून तिनं वीजकेंद्राचा आकडा पाहिला. हो म्हणावंसं तिला फार वाटत होतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता ओढलीस तर दोघींकडेही अंधार होईल. मी आधी दुसरं केंद्र उभं करते, मग घे."

आर्या खुर्चीच्या एका कडेला सरकली आणि माऊस तिनं आईच्या बाजूला ढकलला.

"कर," ती म्हणाली. "मी थांबते."