तेलाच्या वाटेतला बोळा

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. साठ-बासष्ट सालची गोष्ट आहे, मारेगावची.

माझं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आपला कान तिखट आहे अशी घमेंड होती. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि न खोलता सांगायचं — व्हॉल्व्ह, टॅपेट की कॅम. लोक माना डोलवत. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

गावातल्या एका डॉक्टरांची गाडी हरिसिंग चालवायचा. जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं; तांड्यात इंजिन हाती आलेला हा पहिलाच. गाडी पोरीसारखी जपायचा.

त्या उन्हाळ्यात तिचं इंजिन मी पूर्ण खोललं. धुरळा आत जाऊ नये म्हणून आम्ही उघड्या भोकांत कापसाचे बोळे कोंबायचो. आमच्याकडे कापसाला काय तोटा? जोडताना बोळे मोजून काढायचे, एवढंच पथ्य. मोजले का मी? कुणीतरी माझ्या कानाची तारीफ करत बसलं होतं — ते मात्र नीट आठवतं. इंजिन जोडलं. हरिसिंगनं माझ्यासमोर तेल भरलं, खुणेपर्यंत आलं का ते दोनदा पाहिलं.

महिन्याभरात टकटक सुरू झाली. टॅपेट आवळले, चार दिवसांत पुन्हा ढिले. चढावर गाडी दम टाकू लागली. पेचकस कानाला लावला. व्हॉल्व्ह उचलणारा कॅम झिजत होता. तेल मिळत असताना कॅम इतक्या लवकर झिजतो का?

तेल काढून इंजिन खोललं. कॅमचं नाक बोथट, टॅपेटवर चरे. आणि कॅमकडे जाणाऱ्या तेलाच्या भोकात, काळा पडलेला — माझा बोळा. चिमट्यानं ओढून मी तो खिशात घातला. भीतीनं हात आपोआप गेला, असं म्हणावंसं वाटतं. पण नाही. आधी मी दाराकडे पाहिलं होतं.

डॉक्टर आले, मागोमाग हरिसिंग. मी म्हणालो, कॅम तेलाविना चाललाय. शब्दाला शब्द खरं होतं, नाही का? डॉक्टरांनी हरिसिंगकडे पाहिलं.

"मिस्त्री, तुमच्यासमोरच तं टाकलं होतं तेल. सांगा ना साहेबाले!"

मी पाना पुसत राहिलो. खूप वेळ पुसला. त्याच दिवशी त्याचं काम गेलं. पुढे तो लोकांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागला. गाडी कुणी त्याच्या हाती दिली नाही.

काही वर्षांनी आठवडी बाजारात दिसला. मी वाट बदलणार, तोच त्यानं हाक मारली. चहा पाजला — त्यानं, मला. मग खाली बघत म्हणाला, "माहीच चूक असन, मिस्त्री. टाकलं असं वाटते मले, पण समदे म्हनतात तं... राह्यलंच असन."

बाकड्यावर आम्ही दोघंच होतो. डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेले होते. खरं बोलून माझं काय जाणार होतं? काही नाही.

"होते असं कधी कधी, हरिसिंग," मी म्हणालो. त्याचा चेहरा हलका झाला.

म्हणजे मी त्याला माफ केलं.