यंत्राखालची झाडलोट

डोमाजी अकोल्यात, जठारपेठेच्या बाजूला नाल्या साफ करतात. ठेकेदाराकडे रोजंदारीवर, सत्तावीस वर्षं. नालीत बांबू रोवायचा, त्याला चिकटलेला काळा चिखल बघायचा आणि सांगायचं, "कोपरभर गाळ हाय." अमरावतीला इंजिनिअरिंग करून मी इथं सेन्सर बसवायला आले, तेव्हा माझे आकडे या बांबूशी ताडून पाहिले. फरक दोन बोटांचा निघाला.

सेन्सर नालीच्या झाकणाखाली असतो. खाली गाळ किती चढला ते तो कळवतो आणि ऑफिसातल्या नकाशावर ठिपका हिरवा किंवा लाल होतो. लाल झाला तरच गाळ ओढायची गाडी निघते.

एक ठिपका तीन महिने हिरवाच होता. त्याच नालीत, सेन्सरच्या थोडं पुढे, वळणावर डोमाजींच्या मुलीचं, पौर्णिमाचं घर. दाराला एकच पायरी. मेच्या शेवटी डोमाजी म्हणाले, "मॅडम, वळणावर मांडीभर गाळ साचला. पावसाच्या आधी गाडी पाठवा ना."

"नकाशावर तर काहीच नाही."

"कसं दिसन? यंत्राखालचा गाळ त मी रोज सकाळी काढून टाकतो."

"काहून पण?"

"एवढं महागाचं यंत्र घाणीत ठेवाचं का? तुमच्या कामाले कोनं नाव नाही ठेवलं पायजे."

मी कपाळावर हात मारून घेतला. असं करू नका, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

सुपरवायझर नितेशला मी सगळं सांगितलं. तो हसला. "वर काय बांबूचा फोटो पाठवू? ठिपका लाल करून आणा, गाडी देतो." सेन्सर वळणावर हलवायला मंजुरी हवी होती. अर्ज केला, रोज फोन केला. डोमाजींनी झाडणं बंद केलं, पण उन्हाळ्यात नालीला धार नव्हती, गाळ चढेना.

"मॅडम, मीच यंत्राखाली चार घमेले गाळ आणून टाकतो," डोमाजी म्हणाले. "लाल झाला का गाडी येते."

मी नाही म्हणाले. खोटा आकडा पाठवायचा नाही, एवढंच मला शिकवलं होतं.

चौदा जूनला दुपारी दोन तास पाऊस झाला. मी पोचले तेव्हा पौर्णिमाच्या घरात पोटरीभर काळं पाणी होतं. गहू, गाद्या, पोराची पुस्तकं, सगळं त्यात.

"बाबा, तुमाले त मालूम होतं ना?" ती ओरडली.

"होतं व माय."

"मंग?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आमच्या हाती काई नोतं," म्हणाले.

मी एक बादली उचलली आणि तिच्यासोबत उपसू लागले. बाहेर नाली तुडुंब होती. आम्ही टाकलेलं पाणी पायरीवरून पुन्हा आत येत होतं.