फोल्डरमधल्या दोन कमलाबाई

आमची मेंढरं होती. वर्षातले आठ महिने वडील रानोरान, त्यांच्यामागं आई आन् आम्ही चार भावंडं. माझ्या तीन शाळा बदलल्या. थोरल्या बहिणीची तर सुटलीच. घरातला पहिला पदवीधर मी. हिंगोलीला बीसीए केलं. हे सांगताना लाज न्हाई, थोडा माजच आहे.

तो माज आखाडा बाळापूरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये उतरला. तिथलं सॉफ्टवेअर मीच बसवलेलं. आठवड्यात तिसरी खेप होती. लॅबचे डॉक्टर ओरडत होते.

"मुंजाजी, तुमच्या सॉफ्टवेअरनं शुगर वाढलेल्या बाईला नॉर्मलचा रिपोर्ट दिला! चार दिवस गोळी घेतली न्हाई तिनं. चक्कर येऊन पडली!"

फाइली सापडत न्हाईत अशी तक्रार होती म्हणून दुसऱ्या खेपेला मी सर्व्हरवर, म्हणजे लॅबच्या मुख्य कॉम्प्युटरवर, एक नोंद चालू केली होती: कोण कुठली फाइल बदलतं. ती उघडली. सॉफ्टवेअर रिपोर्ट बनवून शेअर्ड फोल्डरमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना दिसणाऱ्या एका कप्प्यात टाकायचं. फाइलचं नाव म्हणजे नुसता नंबर. तो नंबर कुणीतरी हातानं बदलत होतं. लॅबच्या जुन्या टेक्निशियन, सुमनताई.

"व्हय, मीच बदलते," त्या म्हणाल्या. "कमलाबाई राठोड दोन. दोघींनी वय पन्नासच सांगितलं. एक वरच्या तांड्याची, एक खालच्या. मी फाइलला तांड्याचं नाव देते. त्या दिवशी गर्दीत उलटंपालटं झालं."

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर त्यांना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "फोल्डरमध्ये फक्त सॉफ्टवेअरच लिहील असं करा. एका बटनाचं तर काम."

"बटन न्हाई सर. विंडोज माणसाला ओळखतं, सॉफ्टवेअरला न्हाई."

ताई सॉफ्टवेअर उघडणार ताईंच्याच नावानं. त्यांचं लिहिणं बंद केलं, की सॉफ्टवेअरचंही बंद. म्हणून सर्व्हरवर एक वेगळा यूजर बनवला, फक्त सॉफ्टवेअरसाठी. रिपोर्ट बनवायचं काम त्याच्या नावानं दिवसभर सर्व्हरवरच चालेल असं लावलं. फोल्डरमध्ये लिहायचा हक्क त्या एकट्याला. बाकी सगळ्यांनी नुसतं वाचायचं.

"मलाबी?" डॉक्टर म्हणाले. "लॅब कोणाची आहे?"

"तुमचीच सर. तुमीबी वाचायचंच."

दुपार उलटली. पाठ दुखून राहिली होती. बॅग आवरत होतो तर ताई म्हणाल्या, "ते समदं बराबर हाय, भाऊ. पण दोन कमलाबाई आल्या तर कागद कोणाचा, ते माझ्या जागी येणाऱ्यानं कसं ओळखायचं?"

मी सेटिंग उघडलं. नोंदणीत गावाचा रकाना होता, ताई तो भरतही होत्या. रिपोर्टवर तो छापून येत नव्हता. कागदावर जागा पुरत न्हाई म्हणून इन्स्टॉल करताना मीच बंद केला होता.

गप बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण ताईंची नोकरी चालली होती.

"सर, चूक माझी आहे, रिपोर्टवरचं गाव मीच बंद केलं होतं," मी म्हणालो. "ताई ती झाकत होत्या, त्यांच्याही नकळत."

डॉक्टरांनी रिपोर्ट उचलून त्यावरचं नुसतं नाव वाचलं. मग ताईंना म्हणाले, "उद्या नऊला या. आन् ह्यांना चहा सांगा, बिनसाखरेचा."

आता कुठलंही फोल्डर बंद करण्याआधी तिथल्या माणसाला विचारतो, तुमी यात काहून हात घालता? माझा अर्धा दिवस वाचतो.

ताई कामावर आहेत. त्या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरशिवाय कुणालाच लिहिता येत न्हाई, आन् प्रत्येक रिपोर्टवर पेशंटच्या नावाखाली त्याचं गाव छापून येतं.