तिसरा चहा

वाट विचारणे हे माझ्या मामांचे खरे काम होते; ट्रक चालवणे हा त्यासाठी शोधलेला एक बहाणा. असा माणूस आमच्या पारनेर तालुक्यात दुसरा झाला नाही. तालुक्याबाहेर कुठे झाला असता तर मामांना तो ठाऊक असताच, कारण कधी ना कधी त्यांनी त्याच्यापाशी गाडी थांबवून वाट विचारली असती. समोर हातभर अक्षरांची पाटी असली तरी मामा विचारत. रस्ता एकच असला, आणि तो सोडला तर गाडी सरळ विहिरीत जाईल अशी जागा असली, तरीही विचारत. "पाटीला काय कळतंय?" असे त्यांचे म्हणणे. "पाटी नुसती दिशा दावती. पुढं म्हशी बसल्यात का, कुनी रस्त्यात लग्नाचा मांडव घातलाय का, ह्ये मानूसच सांगतो."

या विचारण्याची त्यांची एक रीत होती. घाईत चाललेल्याला विचारायचे नाही. तो खोटे सांगत नाही, पण कमी सांगतो. पारावर टेकलेला, झाडाखाली दाढी करून घेणारा, शेळ्यांमागे काठीवर हनुवटी ठेवून उभा असलेला माणूस निवडायचा. आधी पावसाचे विचारायचे, मग कांद्याचे, मग घरच्यांचे, आणि निघता निघता, जणू आत्ताच आठवले अशा सुरात, वाटेचे. आणि वाट सांगणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्यांचा धर्मच होता. जवळ टपरी नसली तर मामा त्या माणसाला गाडीत घेऊन टपरी शोधत, आणि चहा झाल्यावर परत कसे जायचे याची वाट तो बिचारा मामांनाच विचारी. अशा ओळखी मामांनी गावोगाव करून ठेवल्या होत्या. आमच्या शेजारच्या घरात आलेली सून मामांना वाट विचारतानाच सापडली. श्रीरामपूरजवळच्या एका ख्रिस्ती गुरुजींनी त्यांना एकदा गोदामाचा रस्ता दाखवला होता. तेव्हापासून दर नाताळला एसटीने आमच्याकडे करंज्यांचा डबा येतो आणि दिवाळीला तोच डबा भरून परत जातो.

मला पुण्याच्या कॉलेजात पोहोचवले तेही मामांनीच, आणि तेही असेच विचारत विचारत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेले नव्हते. प्रवेश कुठे घ्यायचा, कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे, हे सांगणारे कुणी नव्हते. मी कागदांची पिशवी छातीशी धरून बसलो होतो आणि मामा दर चौकात काच खाली करून डोके बाहेर काढत होते. एक पेन्शनर गृहस्थ तर वाट सांगता सांगता केबिनमध्येच चढून बसले. त्यांनी मला विचारले, "काय शिकणार तू?" मामा म्हणाले, "त्ये त्याला बी अजून म्हाईत न्हाई. पन शिकनार." मी कॉलेजपाशी खाली उतरताना मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "विचारायची लाज धरू नको. लाजला त्यो चुकला." कॉलेजात मी पुढे जे काही शिकलो, ते या एका वाक्याच्या आधारावर शिकलो. मी पदवीधर झालो त्या दिवसापासून मामा मला 'भाचेसाहेब' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मला फार संकोच वाटतो, पण ते ऐकत नाहीत.

गाडीवर त्यांचा जीव होता म्हणणे कमी पडेल. दिवाळीला घरी असले म्हणजे ते अंगणात उभ्या केलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसत, आणि मामी कपबशी घेऊन पायदानावर चढत. "खाली पाटावर बसून पाहुण्यासारखं वाटतंय," मामा म्हणत. म्हणूनच गेल्या वर्षी गाडीच्या मालकांनी त्यांना तंबी दिली तेव्हा घरातले सगळे हादरले. मामा लागोपाठ दोनदा माल घेऊन भलत्याच गावाला गेले होते. वाट विचारूनसुद्धा! मालक म्हणाले, "मामा, तुमच्या वयाकडे बघून बोलत नाही. पण तिसऱ्यांदा चुकलात तर गाडी दुसऱ्याच्या हातात देईन."

त्यानंतर मामांच्या ट्रकमध्ये टॅब आला. शाळा बंद होत्या तेव्हा माझ्या मामेबहिणीला घरी अभ्यासासाठी घेतलेला तो टॅब. त्याला गुलाबी कव्हर होते आणि कव्हराला सशाचे दोन कान. मामांनी गावच्या सुताराकडून त्याच्यासाठी पोथीला असते तशी सागवानी ठवणी करून घेतली आणि ती स्टिअरिंगपलीकडे, देवाच्या तसबिरीशेजारी घट्ट बसवली. त्यावर नकाशा केवढा तरी मोठा दिसे. मधोमध निळा बाण. सुप्याच्या कारखान्यांमध्ये येणारे बाकीचे ड्रायव्हर हसत. "मामा, ससा कुठं घेऊन चाललाय आज?" मामाही हसत. पण आता ते कुणाला वाट विचारत नसत. पारावरची माणसे हात वर करत, मामा हॉर्न वाजवून रामराम करत आणि पुढे जात. मला वाटले, चला, मामा नव्या जमान्याला लागले. मला त्याचा अभिमानही वाटला, आणि का कोण जाणे, थोडे वाईटही.

धर्म मात्र त्यांनी सोडला नव्हता. वाट दाखवणाऱ्याचा चहा चुकवायचा नाही. टपरीवर आम्ही दोघे असलो तर मामा तीन चहा सांगत. तिसरा टॅबचा. "टॅबातल्या बाईनं आनलं ना हितवर? मग तिला कोरडं कसं ठेवायचं?" तो चहा मग गेटवरच्या वॉचमनला, पंक्चरवाल्याला, जो समोर येईल त्याला मिळे. टॅबमधल्या बाईचा आवाज मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता, आणि त्याचे कारण दर वेळी निराळे असे. मला सांगितले, "बाईमानसानं घसा फोडून सांगायचं आन आपन भलतीकडं वळायचं, बरं दिसत न्हाई. म्हनून गप बसवली." मामींना सांगितले, "परक्या बाईचा आवाज गाडीत नको." त्यावर मामी म्हणाल्या, "न्हाई तर काय. घरच्या बाईचा तरी कुठं ऐकू येतोय तुमास्नी!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामाही हसले, जरा उशिरा.

मी सुप्याच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात काम करतो. गाड्या भरून त्यांना गेटपास देणे माझ्याकडे असते. एकदा श्रीरामपूरला एक यंत्र जायचे होते आणि ते नीट उतरवून घ्यायला सोबत कुणीतरी हवे होते. गाडी मामांची, म्हणून मीच निघालो. नगर मागे पडले, राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरून गेला. टॅबवरचा रस्ता लाल झाला आणि बाणाने आम्हाला एका आडवाटेला घातले. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पाटाला समांतर जाणारा अरुंद रस्ता. पुढे एक म्हातारे बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हात हलवत ओरडत होते. केबिनमध्येही मला ते स्पष्ट ऐकू आले, "पूल खचलाय! फुडं जाऊ नका!"

मामांनी त्यांच्याकडे पाहून हसून हात वर केला. "रामराम बाबा!" म्हणाले आणि गाडी तशीच पुढे नेली.

"मामा, थांबा!" मी ओरडलो. मामांची नजर रस्त्यावर होती; चेहऱ्यावर ते हसू तसेच. मी पुन्हा ओरडलो आणि मग त्यांचा दंडच धरला. त्यांनी दचकून ब्रेक दाबला. समोर वळणाआड पाटावरचा लहान पूल एका अंगाला बसला होता. ना फळी, ना दगड, ना लाल फडके. ते बाबा स्वतःहूनच तिथे उभे होते.

ते धापा टाकत केबिनपाशी आले. "व्हय हो, बहिरं हाय का तुमी? कवाचा वरडतोय मी!"

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "काय म्हनत्यात?"

"पूल खचलाय म्हणतात," मी मोठ्याने सांगितले. बाकीचे सांगितले नाही.

गाडी बरीच मागे घेऊन मामांनी एका लिंबाखाली उभी केली आणि इंजिन बंद केले. मग ते ठवणीवरच्या धुळीवर बोट फिरवू लागले. "विचारायची लाज न्हाई वाटत, भाचेसाहेब," ते म्हणाले. "पन मानूस हातवारे करून जीव तोडून सांगतोय, आन आपल्याला कायबी ऐकू येत न्हाई. किती डाव विचारायचं? मग मी नुसतं हां हां म्हनायचो. तसंच हां हां करत दोन डाव भलत्या गावाला गेलो. ही बाई बरी. गप ऱ्हाऊन दावती." मग म्हणाले, "मालकाला सांगू नका."

ज्यांनी मला विचारायला शिकवले त्यांना मी आता गप्प राहायला मदत करायची होती. आणि उद्या त्यांच्या गाडीला गेटपास माझ्याच हातून जाणार होता. आज म्हाताऱ्या बाबांनी हात केला. उद्या मागून एखाद्या मुलाची सायकल घंटी वाजवेल. मी त्यांच्याकडे वळून, ओठ दिसतील असा, सावकाश म्हणालो, "मी सांगणार नाही, मामा. तुम्ही सांगा. आधी आपण नगरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मग मालकांकडे. मी बरोबर येतो. आणि तोवर मी तुमच्या गाडीला पास देणार नाही."

मला वाटले आता मामा रागावतील. ते म्हणाले, "पुन्याला न्हेऊन चूक केली म्हनायची," आणि डोळे पुसत हसले. त्या दिवशी मालकांना फोन करून, कारण भेटून सांगतो म्हणून, आम्ही दुसरा ड्रायव्हर बोलावला. मामा माझ्या जागेवर, खिडकीपाशी, पाहुण्यासारखे बसून श्रीरामपूरला आले.

मामांनी स्वतः सगळे सांगितले, आणि मालक चांगले निघाले. गाडी चालवायला हरकत नाही असे डॉक्टरांचे पत्र येईपर्यंत गाडी नाही, आणि नंतरही जिल्ह्याबाहेर नाही, एवढेच म्हणाले. मामांच्या कानामागे मशीन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रक सुरू केला आणि लगेच मिस्त्रीकडे नेला. "किती खडखडतंय हे! कुनी बोललं कसं न्हाई मला?" घरी ते मामींच्या मागे मागे फिरू लागले. मामी वैतागल्या, तेव्हा म्हणाले, "बांगड्या वाजत्यात तुझ्या." मामी म्हणाल्या, "अगबाई, म्हंजी आता मला हळू बोलावं लागनार," आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आता सुपा ते श्रीरामपूर एवढीच मामांची खेप असते. हा रस्ता ते झोपेतही सांगतील. टॅबची काही गरज उरलेली नाही, पण ठवणीवरून तो काढलेला नाही, आणि बाईचा आवाजही सुरू केला आहे. ती काही बोलली की मामा "हां बाई" म्हणून मान देतात. परवा मी पुन्हा त्यांच्याबरोबर होतो. राहुरीच्या पुढे रस्ता मोकळा असूनही त्यांनी गाडी त्या आडवाटेला घातली. पूल दुरुस्त झाला होता. तेच बाबा लिंबाखाली बसले होते. त्यांनी आम्हाला ओळखले नाही. मामांनी गाडी थांबवली, खाली उतरले, उकिडवे बसले. पावसाचे विचारले, उसाचे विचारले, सुनेचे विचारले. मग म्हणाले, "श्रीरामपूरला कसं जायचं, बाबा?"

बाबांनी काठीने मातीत रेघा ओढत सांगायला सुरुवात केली. वर केबिनमधून बाईचा आवाज येत होता, "सरळ पुढे चला." मामांनी मशीनचा कान बाबांकडे केला होता. कुठली चिंच, कुणाचा मळा, पूर्वी कुठे ओढा होता आणि तो कसा बुजला, सगळे ते ऐकत होते, आणि हां हां म्हणत होते. त्या दिवशी पलीकडच्या टपरीवर तिसरा चहा बाबांना मिळाला.

गाडीत चढल्यावर मामा म्हणाले, "निम्म्याच्या वर चुकीचं सांगितलं म्हाताऱ्यानं." मग गिअर टाकून म्हणाले, "पन लई बेस सांगितलं."

पुढच्या फाट्यावर पार होता, पण तिथे कुणी नव्हते. त्याच्या पुढच्या पारावर दोन पोरे मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. मामांनी गाडी हळू केली, एकवार त्यांच्याकडे पाहिले, आणि कुणी मान वर करेल या आशेने तसेच सावकाश पुढे गेले.