मित्सुएच्या हातच्या गाठी

मित्सुए डावरी होती, त्यामुळे तिच्या हातची गाठ उलटी वळत असे. आमच्या निशिसावा गावात आसाच्या ताटांची पेंढी पाहून ती कोणाच्या घरची हे सांगणे एरवी कठीण. हागिवारांच्या घरची पेंढी मात्र अंधारातही बोटांनी ओळखता येई. माझे घर त्यांच्या फाटकासमोर आहे. निवृत्त होईपर्यंत मी येथल्याच शाळेत शिकवले, म्हणून गाव अजूनही मला गुरुजी म्हणते. तोकुजी हागिवारा आणि त्याची पत्नी मित्सुए या दोघांविषयी मी जे लिहीत आहे, ते बहुतांशी माझ्या ओसरीवरून पाहिलेले आहे.

आसा हे भांगेच्याच कुळातले झाड. परंतु आमच्या बियाण्यात नशा मुळीच नाही, आणि परवान्याशिवाय ते कोणी लावू शकत नाही. त्याच्या सालीतल्या तंतूंचा वाख देवळांच्या दोरखंडांना जातो, धनुष्यांच्या प्रत्यंचांना आणि लाकडी चपलांच्या पट्ट्यांना जातो. तुटका वाख कागदवाले नेतात. साल सोलल्यावर आत उरते ती पांढरी, पोकळ काडी. तिचा कोळसा दारूकामवाल्यांना लागतो, आणि श्रावणाच्या सुमारास, बोनच्या सणात, पितरांना बोलावण्यासाठी जो जाळ दारोदारी करतात, तोही याच काड्यांचा. या झाडाचे काहीही वाया जात नाही, असे मित्सुए म्हणे. आणि वाया जाते ते फक्त तोकुजीचे बोलणे, असेही पुढे जोडी. तोकुजी दिवसाकाठी फारसे बोलत नसे.

त्यांच्या कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरली होती आणि ती कधी बदलली नाही. पेरणीला तो यंत्राचा दांडा धरी आणि ती पुढून दोरी ओढी. कापणीनंतर उकळत्या पाण्यात पेंढ्या बुडवणे त्याचे, त्या उन्हात फिरवणे आणि बांधून माळ्यावर चढवणे तिचे. पुढे हिवाळ्यात ताटे भिजवून, गवती चटयांखाली दडपून ती आंबवायची, आणि सोललेली साल फळीवर खरवडून तिच्यातून सोनेरी, चमकता वाख काढायचा, हेही तिचेच. चटईखाली हात घालून ती नुसता वास घेई आणि म्हणे, "उद्या." किंवा म्हणे, "आज, आत्ता, उठा." तोकुजी उठे.

ज्या वर्षीची ही हकीकत आहे, त्याच्या आदल्या वर्षी कापणी नेहमीसारखी झाली, पेंढ्या माळ्यावर चढल्या आणि पानगळीच्या सुरुवातीला मित्सुए अंगणात बसल्या जागी कलंडली. तिला दवाखान्यात नेले, पण ती परत आली नाही. मुलगी सायोको सेंदाईहून आली, विधी संपेपर्यंत राहिली आणि वडिलांना बरोबर चलण्याचा आग्रह करून एकटीच परत गेली.

तो संपूर्ण हिवाळा तोकुजीने पेंढ्यांना हात लावला नाही. देवळांची दोरखंडे वळणारे कुरिहारा नेहमीप्रमाणे माल नेण्यास आले, तेव्हा मी तेथे चहाला बसलो होतो.

"माल माळ्यावर आहे," तोकुजी म्हणाला. "सोललेला नाही."

"मग सोला की! मी काय ताटं वळू दोरीत?"

"यंदा नाही."

"हागिवारासान, देवाचं काम आहे. नव्या वर्षाला दोर बदलायचाय."

"देवाकडे दुसरे लोक आहेत," तोकुजी म्हणाला आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.

त्यानंतर शहरातल्या एका कंपनीचा तरुण मनुष्य आला. त्यांना भिंतींच्या फळ्या आणि मोटारींच्या दारांची आतली अस्तरे बनवायची होती. सालीसकट अख्खी ताटे भरडून चालणार होती. सोलायला नको, खरवडायला नको, उलट पैसे रोख. तोकुजी त्याला माळ्यावर घेऊन गेला. त्या मुलाने एका पेंढीचा बंद सोडून आतली ताटे पाहण्यासाठी हात पुढे केला. त्याबरोबर तोकुजीने त्याचे मनगट धरले. रागाने नव्हे, झोपलेल्या मुलाला उठवू पाहणाऱ्याचे मनगट जसे धरावे तसे. तो मुलगा खाली आला, लवून नमस्कार करून गेला आणि पुन्हा आला नाही.

हे किकुनोबाईंना कळले. किकुनोबाई शेजारच्या घरच्या. वयाने तोकुजीहून मोठ्या, विधवा, आणि जिभेला हाड नसलेल्या.

"विकत नाहीस, सोलत नाहीस," त्या फाटकातूनच म्हणाल्या, "मग बायकोच्या पेंढ्यांचं करणार काय? मिठात घालून लोणचं?"

"असू दे, वहिनी."

"उंदरांना विचारलंस का, असू दे म्हणून?"

वसंत आला, पण त्याने पेरले नाही. पेरणीच्या दिवसांत तो यंत्र बाहेर काढून पुसे आणि परत आत ठेवी. एके सकाळी तो ते बांधावर घेऊन गेला, दांडा धरून उभा राहिला. पुढची दोरी मातीत पडली होती. मी जाऊन ती उचलावी, असे माझ्या मनात आले. परंतु त्याचे डोळे दोरीच्या त्या टोकावर असे खिळलेले होते की मी ओसरीवरच थांबलो. ज्या शेतात उन्हाळ्यात माणूस बुडेल इतके उंच झाड उभे असे, तेथे त्या वर्षी पलीकडचा ओढा स्पष्ट दिसत होता. गावातल्या सर्वांनाच ते चुकल्यासारखे वाटे.

जुलै सरला आणि किकुनोबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या थट्टा करण्यास आलेल्या नव्हत्या.

"तोकुजी, येत्या तेरा तारखेला मित्सुएचं पहिलं बोन आहे. दारात जाळ कशाचा करणार?"

तोकुजीने माळ्याकडे पाहिले.

"दुकानात काड्यांची पाकिटं मिळतात. परदेशातून येतात म्हणे. तिला त्या जाळाने बोलावणार? आयुष्यभर स्वतःच्या हाताने आसा सोललेल्या बाईला?"

"विकतच्या नाही."

"मग कुठल्या? पेरलं आहेस काही? तुझ्या घरात काड्या आहेत त्या तिच्या पेंढ्यांत, सालीच्या आत. आमच्या सासूबाई सांगायच्या, नवं माणूस पहिल्या वर्षी वाट चुकतं. आपल्याच शेतातल्या धुराच्या वासावर ते घर ओळखतं. आता बघ बाबा, तिच्या गाठी जपायच्या की तिला घरी आणायची."

किकुनोबाई गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, त्या गाठी मला बांधता येत नाहीत," तो म्हणाला. "कितीदा करून पाहिलं. एकदा सोडल्या की संपल्या."

बंद तसेच सरकवून काढता येतील का, असे मी विचारले. त्याने मान हलवली; सुकलेली ताटे घासून मोडली असती.

अखेर त्याने मधला मार्ग काढला, आणि तीच त्याची चूक झाली. आसाची ताटे आंबवायची तर पेंढी सोडून, ताटे सुटी करून भिजवावी लागतात, हे गावातले शेंबडे पोरही जाणते. तोकुजीने पेंढ्या बांधलेल्याच पाण्यात बुडवल्या आणि बांधलेल्याच चटयांखाली निजवल्या. ताटे आंबून सैल झाली की बंद आपोआप ढिले पडतील, मग गाठीसकट वेढे हलकेच काढून ठेवता येतील, असा त्याचा हिशेब होता. सकाळ-संध्याकाळ तो चटयांवर पाणी मारी, आत हात घाली, हात नाकाशी नेई आणि तसाच उभा राही. कोणता वास आल्यावर उठायचे, हे त्याला कधी शिकावेच लागले नव्हते.

चटया काढल्या त्या दिवशी किकुनोबाई बाही वर सारून मदतीला आल्या. मीही गेलो. ताटे दोन्ही टोकांना छान मऊ झाली होती. परंतु बंद सालीच्याच दोरीचे होते. ते पाणी पिऊन फुगले होते आणि गाठी दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. तोकुजीने पहिली गाठ नखांनी सोडवून पाहिली. मग सुईने. मग दातांनी. किकुनोबाईंनी शेवटी विळा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"कोरड्या असताना सोडल्या असत्यास तर निदान हातात राहिल्या असत्या रे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"हो," तोकुजी म्हणाला.

त्याने प्रत्येक बंद स्वतः कापला. आम्हांला विळ्याला हात लावू दिला नाही.

सोलायला बसल्यावर दुसरे नुकसान उघड झाले. बंदाखाली पाणी पोहोचले नव्हते. तेवढ्या पट्ट्यात साल काडीला चिकटून राहिली होती. टोकाकडून साल सुरेख निघत येई, मध्यावर अडे आणि तुटे. अखंड, माणसाच्या उंचीहून लांब असा वाख, ज्यासाठी कुरिहारा दरवर्षी या घरी येत, तो एकाही ताटाचा निघाला नाही.

"कागदवाले नेतील," किकुनोबाई म्हणाल्या. "तुकडे असले तरी रंग बघ. तिच्या उन्हातला रंग आहे तो."

तोकुजीने एक तुकडा उजेडात धरला. त्यावर ती चमक होती. मग त्याने पुढचे ताट उचलले. काड्या मात्र एकूण एक पांढऱ्या, स्वच्छ निघाल्या. त्या अंगणात वाळत घातल्या तेव्हा किकुनोबाई म्हणाल्या, "देवाचा दोर नाही झाला, घरच्या देवीपुरतं झालं. पुष्कळ झालं."

तेरा तारखेला सायोको आली. तिने पांढरा आकाशकंदील टांगला आणि पितरांना बसून येण्यासाठी करतात त्या काकडीच्या घोड्याला आईच्याच काड्यांचे पाय लावले. दिवेलागणीला तोकुजीने फाटकात खापरावर काड्या रचून पेटवल्या. त्या पोकळ काड्या भडकन पेटतात. जाळ उंच उठतो आणि एखाद्याला हाक मारून होईस्तोवर बसतो. तोकुजीने हाक मारली नाही. तो बाजूला सरला, वाट मोकळी केली आणि जरा वाकला, जसा बाजारातून ओझे घेऊन येणाऱ्या माणसासाठी वाकावे तसा. मग आत जाऊन त्याने दोन पेले चहा ओतला. सायोकोने तिसरा पेला स्वतःच आणला. वडील एका दिवसात इतके बोललेले मी कधी ऐकले नव्हते, असे तिने मला नंतर सांगितले. सगळे शेजारच्या रिकाम्या आसनाशी, आणि सगळे माळ्यावरच्या उंदरांविषयी, पाण्याविषयी, कापलेल्या गाठींविषयी.

सोळाला निरोपाचा जाळ करायचा असतो. गल्लीतले जाळ एकेक करून पेटले आणि विझले. हागिवारांच्या फाटकात काही दिसेना. किकुनोबाई माझ्या ओसरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, सगळ्यांचं झालं," आतून सायोकोचा आवाज आला. "आईला उशीर होतोय."

"घाई काय आहे तिला?"

"बाबा."

तो उरलेल्या काड्या घेऊन बाहेर आला. एकदम रचून पेटवण्याची रीत आहे. त्याने दोनच काड्या पेटवल्या. त्या जळत आल्या तशी तिसरी लावली, मग चौथी. असा जाळ करीत नाहीत. सायोकोने किकुनोबाईंकडे पाहिले, आणि ज्यांची जीभ कधी थांबत नाही त्या किकुनोबाईंनी ओठांवर पदरासारखी बाही धरली.

धूर वर चढेना. तो फाटकाशीच रेंगाळत होता.

"जायचं मन दिसत नाही तिचं," किकुनोबाई हळूच म्हणाल्या.

"मीच धरून ठेवलीय, वहिनी," तोकुजी म्हणाला. "एवढ्या काड्या संपू देत."

तो एकेक काडी लावत राहिला. शेवटची काडी त्याने खापरावर ठेवलीच नाही. हातात आडवी धरली आणि ज्योत बोटांशी येईपर्यंत धरून ठेवली.

"ओढ्याकडून जपून जा," तो म्हणाला, "यंदा शेत मोकळं आहे, वारा फार लागतो," आणि मग त्याने बोटे उघडली.